थीम पार्कमध्ये देशोदेशीचं खायचंय? मग या चुका टाळा

पहिली चूक विमानात बसण्याआधीच होते. मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात, म्हणून दुबईची तिकिटं मे महिन्याची काढली जातात आणि बघायच्या ठिकाणांत ‘ग्लोबल व्हिलेज’ असतंच. देशोदेशीचे मंडप, पाळणे आणि खाण्याचे शेकडो गाळे एकाच आवारात असलेलं हे पार्क उन्हाळ्यात बंद असतं. हंगाम ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतो आणि मे महिन्यात कधीतरी आटोपतो. तारीख दरवर्षी बदलते, त्यामुळे तिकिटाआधी ती पाहायची. पार्क उघडतं तेही दुपारी चारनंतर. नाशिककरांना दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी सोयीची.

पण दिवाळीत निघालात तर फराळाचा डबा तपासून घ्या. अनारशांवर खसखस असते आणि ती संयुक्त अरब अमिरातीत नेण्यास बंदी आहे. सिंगापूरमध्येही परवानगीशिवाय नेता येत नाही. अनारसे दिसतात तरी, मसाला दिसत नाही. घरच्या काळ्या मसाल्यात किंवा कांदा-लसूण मसाल्यात खसखस भाजून घातलेली असते, आणि हॉटेलच्या खोलीत भाजीला चव यावी म्हणून त्याची पुडी बॅगेत जाते. ती घरीच ठेवा. शंकरपाळे, चकल्या, खसखस न घातलेला चिवडा न्या.

‘व्हेज आहे का?’ एवढंच विचारणं

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात. हिरव्या ठिपक्याचा नियम भारतातला, बाहेर तो मिळणार नाही. ‘हलाल’ ही पाटी पदार्थ इस्लामी नियमांत बसतो एवढंच सांगते, पदार्थ शाकाहारी असल्याची ती खूण नव्हे. शिवाय गाळ्यावरच्या माणसाच्या हिशेबी वरून दिसणारं मांस नसलं की पदार्थ व्हेज. रस्सा कशाचा, सॉसमध्ये काय, हे तो धरतच नाही. म्हणून घटकाचं नाव घेऊन विचारायचं: मटण-चिकनचं पाणी आहे का, मासळीचा सॉस आहे का, अंडं आहे का, जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेला, पदार्थ घट्ट करणारा घटक) आहे का. अंडं-दूधही चालत नसेल तर ‘व्हीगन’ म्हणा.

कुठे काय लपलेलं असतं ते आधी माहीत असलं की प्रश्न नेमका विचारता येतो. जपानी मिसो सूपमध्ये टोफू आणि कांद्याची पात दिसते, पण खालचं पाणी बहुधा ‘दाशी’चं असतं, म्हणजे समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे उकळून काढलेलं. भाज्या घातलेल्या उदोन नूडल्सचंही तेच. थाई करीच्या वाटणात कोळंबीचा ‘कापी’ असतो, भाजी कितीही हिरवी दिसो. किमचीत मासळीचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी. मेक्सिकन भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो आणि घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी. फ्रेंच कांदा सूप हे मुळात गोमांसाच्या रश्श्यात करतात. सीझर सॅलडच्या सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात. अस्सल पार्मेजान चीजसाठी दूध वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. मूस, पन्ना कोटा, मार्शमेलो यांत जिलेटिन.

जैन मंडळींसाठी एक वाट थाई गाळ्यांवर सापडते. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत ‘जे’ असं थाई लिपीतलं चिन्ह दिसलं तर तिथे मांस, मासे, अंडी यांच्याबरोबर कांदा-लसूणही नसतो. बटाटा आणि गाजर मात्र असतं, ते वेगळं सांगावं लागतं.

आणि तळण. फलाफल स्वतः निव्वळ हरभऱ्याचं, पण त्याच कढईत चिकन नगेट्स तळत असतील तर काय, हे ज्याचं त्याने ठरवावं. विचारलं तर खरं सांगतात, न विचारता कोणी सांगत नाही.

चांगला पदार्थ चुकीच्या पद्धतीने घेणं

ग्लोबल व्हिलेजमध्ये अमिराती बायका सपाट तव्यावर ‘रगाग’ करताना दिसतील. पातळ पीठ हाताने तव्यावर पसरतात, मांड्यासारखा पापुद्रा होतो, पण कुरकुरीत. त्यावर लगेच अंडं फोडून फिरवतात, चीज टाकतात आणि ‘महयावा’ नावाचा तपकिरी सॉस लावतात. हा सॉस आंबवलेल्या मासळीचा. अंडं आणि महयावा नको असेल तर पीठ तव्यावर पडायच्या आत सांगा, कारण पुढचं सगळं अर्ध्या मिनिटात उरकतं. साधं चीज घातलेलं रगाग मुलांना बहुतेक आवडतं.

कुनाफा घेऊन फोटो काढत बसू नका. शेवयांसारख्या पिठाच्या दोन थरांत अळणी चीज असतं, ते गरम असतानाच ताणलं जातं. गार झालं की चिवट होतं आणि पाकाने खालचा थर लिबलिबीत पडतो. परातीतला जुना तुकडा देत असतील तर गरम करून मागा, किंवा नवी परात निघेपर्यंत थांबा. चौघांत एक पुरे, गोडी आपल्या बासुंदीच्या वरची असते. लुकैमातचंही तसंच: यीस्टने फुगवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, वर खजुराचा पाक आणि तीळ. पाक वेगळ्या वाटीत मागितला तर शेवटचा गोळाही कुरकुरीत राहतो.

इजिप्तच्या गाळ्यावरचं ‘तामिया’ दिसतं फलाफलसारखं, पण ते हरभऱ्याचं नसून बाकल्याच्या (फावा बीन्सच्या) डाळीचं असतं. घरात कोणाला जी6पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असेल तर बाकला त्यांना पूर्ण वर्ज्य आहे, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. तिळाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी हमुस, बाबा गनूश, अरबी हलवा या सगळ्यांत ताहिनी, म्हणजे तिळाचं वाटण, असतं हे धरून चालावं.

मिसळीवर वाढलेल्या जिभेला यातलं बरंच काही पहिल्या घासाला सपक लागतं. म्हणून पाकिटातली लसणाची चटणी सगळ्यावर ओतली की मग देश कोणताही असो, चव एकच. त्यापेक्षा त्या-त्या गाळ्यावरचं तोंडीलावणं मागा: मोरोक्कन हरिसा, लेबनीज लसणाचा ‘तूम’, मुरवलेले सलगम, मेक्सिकन साल्सा. पहिल्यांदा भारताच्या मंडपात शिरून पावभाजी खाणं हीही चूकच. पोट तिथेच भरतं आणि मग उरलेली संध्याकाळ नुसतं बघण्यात जाते.

हिशेब असा धरा: चार माणसं, एका गाळ्यावर एकच पदार्थ, त्याचे चार भाग, आणि चार तासांत सहा गाळे. ‘कॉम्बो’ स्वस्त दिसतो, पण त्यातले फ्राइज आणि कोला पोटाची अर्धी जागा खातात. तिखट-मीठ आधी, तळलेलं मधे, गोड शेवटी. रिकामा डबा आणि चार चमचे पिशवीत असू द्या.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्यांसाठी

ऑर्लँडोचं एपकॉट हे डिस्नेचं थीम पार्क 1982 साली सुरू झालं. तिथे तळ्याभोवती अकरा देशांचे मंडप आहेत. पूर्ण फेरी दोन किलोमीटरच्या आसपास होते, शिवाय फ्लोरिडाचं ऊन. सकाळी गेटवर पोहोचून सरळ खाण्याच्या भागाकडे निघाल्यास हिरमोड होतो, देशांचे मंडप साधारण 11 वाजता उघडतात. आधी पुढच्या भागातल्या राइड्स उरका.

बसून जेवायच्या हॉटेलांचं आरक्षण 60 दिवस आधी खुलं होतं आणि नावाजलेली ठिकाणं लगेच भरतात. ते हुकलं तरी बिघडत नाही. चाखण्यासाठी काउंटरवरचं खाणंच बरं, कारण बसलात की एका देशातच दीड तास जातो. नॉर्वेच्या बेकरीतला ‘स्कूल ब्रेड’ जरूर घ्या: वेलदोडा घातलेला पाव, मधे कस्टर्ड, वर खोबरं. अंडं चालत असेल तरच. शरद ऋतूतल्या खाद्य महोत्सवाच्या वेळी छोट्या ताटल्यांचे जादा गाळे लागतात, चाखणाऱ्याला तोच काळ उत्तम. घरचा खाऊ आत नेता येतो, लोणच्याची काचेची बरणी मात्र नाही. प्लास्टिकच्या डबीत घ्या.

वेळ आणि बिल

दिवसा उघडणाऱ्या पार्कांत दुपारी 12 ते दीड रांगा लागतात. 11 ला खा किंवा अडीचनंतर. तळलेलं, चीजचं खाणं पोटात जास्त वेळ राहतं, त्यामुळे उलट्या फिरणाऱ्या राइडआधी तास-दीड तास जाऊ द्या. राइड आधी, खाणं नंतर, हा क्रम सोपा पडतो.

सिंगापूरमध्ये मेनूतल्या किमतीपुढे ‘++’ असेल तर 10 टक्के सेवाशुल्क आणि त्यावर 9 टक्के कर वाढतो. ऑर्लँडोत लिहिलेल्या किमतीवर 6.5 टक्के कर, आणि बसून जेवलात तर 18 ते 20 टक्के टिप. दुबईत 5 टक्के व्हॅट सहसा किमतीतच धरलेला असतो. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करायचं काम नाशिकमध्येच बँकेच्या अ‍ॅपवर उरका, परदेशात ओटीपी येईलच असं नाही.

तरी बिघडलंच तर

ताटलीत नको ते आलं तर तुकडे बाजूला काढून खात बसू नका. पावती घेऊन लगेच काउंटरवर जा आणि घटकाचं नाव घेऊन सांगा. बहुतेक ठिकाणी बदलून देतात, अर्धं खाल्ल्यावर नाही देत. ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं यांपैकी काहीही झालं तर जवळच्या कर्मचाऱ्याला गाठा. मोठ्या पार्कांत प्रथमोपचार केंद्र असतं, त्याची जागा नकाशात आत शिरतानाच बघून ठेवावी. श्वास लागला असेल तर अ‍ॅलर्जीच्या गोळीवर विसंबून थांबू नका, रुग्णवाहिका मागवा.

पोट ढिलं झालं तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवा. ते पेलाभर पाण्यात दाट करून दिलं तर जुलाब वाढू शकतात. पाणी उकळलेलं किंवा सीलबंद बाटलीतलं घ्या, आणि केलेलं द्रावण 24 तासांनी टाकून द्या.