अंक काढताय? आधी जीआर तपासा

लोकप्रशासनाच्या एम.ए.च्या पोट्ट्यांनी जर्नल काढायचं ठरवलं की पहिली बैठक नावावर जाते, दुसरी मुखपृष्ठावर आणि तिसरी संपादक कोण यावर. तिन्ही कामं एका दुपारी उरकण्यासारखी आहेत, तेवढीच दुपार द्या. नाव मात्र पुन्हा बदलावं लागणार नाही असं ठेवा, कारण आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, नावाला मिळतो. नाव बदललं की नवा अर्ज आणि नवा क्रमांक. हा आठ अंकी क्रमांक दिल्लीत सीएसआयआर-निस्परमधलं राष्ट्रीय केंद्र देतं, फुकट देतं. 'काढून देतो' म्हणत पैसे मागणारा भेटला तर नमस्कार करून पुढे चला. तो क्रमांक म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे, नुसती ओळख आहे. मुखपृष्ठावर 'यूजीसी मान्यताप्राप्त' वगैरे तर लिहूच नका; केअर ही आपली मान्य जर्नलांची यादी बंद केल्याचं यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०२५ च्या सुरुवातीलाच जाहीर केलं आहे. नोंदणीचं म्हणाल तर १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायद्यातून पुस्तकं आणि शैक्षणिक जर्नलं वगळली आहेत. पण अंकात बातम्या आणि बातम्यांवरची टिप्पणी भरू लागलात तर त्या कायद्याच्या व्याख्येत जाऊ शकता. तेव्हा स्नेहसंमेलनाचा वृत्तान्त आणि आमदारांच्या भाषणाचा समाचार कॉलेजच्या वार्षिकांकाला द्या.

माणसं पाच पुरतात. एक संपादक, एक लेखकांशी बोलणारा, एक समीक्षकांचा पाठपुरावा करणारा, एक प्रेस आणि पैसे बघणारा. पाचवा फक्त जीआरचा, म्हणजे शासन निर्णयांचा. हसू नका. त्याला दुसरं एकही काम द्यायचं नाही. ई-मेलचं खातं विभागाच्या नावानं काढा, कुणाच्या खासगी नावानं नको. दुसऱ्या वर्षाची मुलं मे महिन्यात गावी गेली की पासवर्डही त्यांच्यासोबत जातो.

आता जीआर. धोरणावरच्या लेखात शुद्धलेखन चुकलं तर वाचक नाक मुरडतो आणि पुढे वाचतो. पण रद्द झालेला शासन निर्णय चालू समजून आठ पानं लिहिली असतील तर दुरुस्त करण्यासारखं काही राहत नाही. निष्कर्ष आणि शिफारशी त्याच्यासोबतच जातात. पंचायत समितीतला कनिष्ठ सहायक अंक उघडतो, दुसऱ्या पानावर म्हणतो, 'हा तर कधीचाच अधिक्रमित झाला', म्हणजे नव्या निर्णयानं रद्द झाला, आणि मिटवून ठेवतो. तुमचा खरा वाचक तोच होता.

गोम अशी आहे की जुना जीआर आपण रद्द झालो हे सांगत नाही. वरच्या 'वाचा' किंवा 'संदर्भ' या भागात त्याच्या आधीचे निर्णय असतात, नंतरचे असणं शक्यच नाही. पीडीएफवर लाल शिक्काही येत नाही. म्हणून शोध पुढच्या दिशेनं घ्यावा लागतो. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभाग निवडायचा, तारीख त्या जीआरपासून आजपर्यंतची टाकायची आणि शीर्षकातला एखाददुसरा शब्द द्यायचा. अख्खं शीर्षक टाकलं तर काही सापडत नाही. शब्द दोन-तीन तऱ्हांनी लिहून बघा: 'ग्रामपंचायत' आणि 'ग्राम पंचायत' असा नुसता जागेचा फरकही शोध फसवतो. विभागही एकच धरू नका. रोजगार हमीचे निर्णय नियोजन विभागाच्या रोहयो प्रभागाकडून येतात, वनहक्काचे आदिवासी विभागाकडून, आणि लेख लिहिणारा बसतो ग्रामविकास विभाग धुंडाळत. सर्वांत नवा निर्णय सापडला की त्याच्या 'वाचा' यादीत तुमचा जीआर आहे का ते पाहा, मग खालचा मजकूर ओळ न् ओळ वाचा. 'अधिक्रमित करण्यात येत आहे' असं असेल तर विषय संपला. 'परिच्छेद ३ मधील … ऐवजी … असे वाचावे' असं असेल तर जीआर जिवंत आहे, पण तुमच्या लेखातला आकडा बहुधा नाही. शुद्धिपत्रक, पूरकपत्र, मुदतवाढ ही तिन्ही वेगवेगळी निघतात. तिन्ही पाहा.

यासाठी एक तक्ता करा: विभाग, क्रमांक, दिनांक, संकेतांक, नंतरचे बदल, आणि पाहिल्याची तारीख. संकेतांक म्हणजे शेवटी 'संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक…' या वाक्यात येणारा १८ अंकी आकडा. तो हातानं टाइप करू नका, चिकटवा. पाहिल्याची तारीख या रकान्यात तीन तारखा यायला हव्यात: लेख आला त्या दिवसाची, समीक्षेहून परतला त्या दिवसाची, आणि छपाईला जायच्या आदल्या दिवसाची. तिसरी तारीख नसेल तर फाइल प्रेसला जाणार नाही, संपादकानं कितीही घाई केली तरी. मार्चअखेर आणि आचारसंहिता लागायच्या आधीचे दिवस म्हणजे जीआरचा पाऊस; अंक एप्रिलमध्ये निघणार असेल तर फेब्रुवारीत तपासलेला जीआर न तपासल्यात जमा.

'काहून एवढं?' असं विचारणाऱ्याला सरपंचाचं उदाहरण द्या. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं, २०२० मध्ये ते रद्द होऊन पुन्हा सदस्यांमधून निवड आली, २०२२ मध्ये परत थेट. पाच वर्षांत दोनदा उलटापालट, आणि तीही साध्या जीआरनं नव्हे, कायद्यात दुरुस्ती करून. 'सरपंच निवडीची पद्धत' असं मोघम लिहिणाऱ्या लेखाला विचारा, कोणत्या वर्षाची? पदनामांचंही तसंच. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं २०२४ मध्ये एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी केलं. त्याआधीच्या मुलाखतीत 'ग्रामसेवक' असेल तर अवतरणात तसंच ठेवा, स्वतःच्या वाक्यात नवं पदनाम वापरा. आणि प्रत्येक सरकारी कागदाला जीआर म्हणू नका. परिपत्रक, अधिसूचना, नियम आणि अधिनियम यांचं वजन वेगवेगळं असतं.

आकड्यांकडे या. आपल्याकडे निम्मे लेख अनुशेषावर, म्हणजे मागे राहिलेल्या भागांच्या विकासातल्या तुटीवर येतात. दांडेकर समितीनं १९८४ साली राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला. पुढच्या समित्यांचे आकडे वेगळ्या निकषांवरचे आणि वेगळ्या वर्षांच्या किमतींवरचे आहेत. ते एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडून 'वाढ' काढणारा लेख परत पाठवा. जिल्ह्यांची तुलना करताना हद्द बघा. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून निघाला, वाशिम १९९८ मध्ये अकोल्यातून, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून. १९९१ च्या जनगणनेतल्या अकोल्यात वाशिम आहे. २००१ चा अकोला त्याच्या शेजारी ठेवला की लोकसंख्या घटल्यासारखी दिसते, आणि कुणीतरी त्यावर स्थलांतराचा सिद्धान्त मांडून मोकळा होतो. आजच्या हद्दीतल्या तालुक्यांची जुनी बेरीज करून घ्या, नाहीतर तुलनाच काढून टाका.

माहिती अधिकाराचा अर्ज लागणार असेल तर अंकाच्या चार महिने आधी. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, असा आपल्या राज्याचा नियम आहे. उत्तराला ३० दिवस, प्रतींना पानामागे २ रुपये. नाही आलं तर पहिलं अपील, म्हणजे आणखी महिना-दीड महिना. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहिलं तर 'मोघम आहे' म्हणून परत येतो. वर्ष, योजना, नोंदवहीचं नाव लिहा: नमुना ८ (करआकारणीची नोंदवही) हवा की ९ (कर मागणीची) ते सांगा. मार्चमध्ये टाकू नका. क्षेत्रभेटीचंही वेळापत्रक गावाचं धरा, विद्यापीठाचं नव्हे. सोयाबीन काढणीला आणि कापूस वेचणीला कुणी तुमची प्रश्नावली भरत बसणार नाही. ग्रामसभा बघायची असेल तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या नेहमीच्या तारखा. ठरावाची प्रत लगेच मागा, इतिवृत्त नंतर 'लिहिणं सुरू' असतं.

मुलाखत दिलेल्यांची नावं बदलली की काम झालं असं समजू नका. '१,८०० वस्तीचं गाव, महिला सरपंच, नवरा कृषी केंद्र चालवतो' एवढ्या वर्णनावर तालुक्यातलं शेंबडं पोरही गावाचं नाव सांगेल. वस्तीचा आकडा गोल करा, धंदा काढा, दिशा काढा. संमती कागदावर घ्या, सही किंवा अंगठा, आणि तो कागद लेखकाकडे नको, विभागाच्या कपाटात.

समीक्षेला प्रत्येक लेख दोघांकडे, दोघंही बाहेरच्या कॉलेजातले. लेखकाचं नाव काढायचं म्हणजे नुसतं पहिल्या पानावरचं नव्हे. वर्डच्या फाइलच्या गुणधर्मांत नाव राहतं, ते काढा, आभार काढा, 'माझ्या आधीच्या निबंधात म्हटल्याप्रमाणे' हे वाक्यही काढा. तीन आठवडे द्या आणि पंधराव्या दिवशी फोन करा. सर 'बघतो' म्हणाले म्हणजे बघितलेलं नाही. समीक्षकाच्या फॉर्मवर 'लेखातले शासन निर्णय आजही लागू आहेत का' हा प्रश्न जरूर टाका, पण त्याच्या 'हो'वर विसंबू नका. सरांना जो जीआर पाठ असतो तो त्यांनी शिकवायला सुरुवात केली त्या वर्षीचा असतो. तपासायचा आपणच, तिसऱ्या तारखेसह. गाइडचं नाव सहलेखक म्हणून आपोआप लागत नाही, हे पहिल्याच पत्रात लिहून टाका. नंतर बोलणं अवघड जातं.

वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा मराठीत फारसा भरवसा नाही, आणि इंग्रजीतून भाषांतर करून उचललेलं तर निसटतंच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे, पण टक्क्याच्या मागे लागू नका. वाक्यरचना अचानक बदलली, 'तथापि' आणि 'सदर' वाढले की तिथली सात-आठ शब्दांची ओळ अवतरणचिन्हात टाकून शोधा.

फॉन्ट. लेख युनिकोडमध्येच मागा, नाहीतर घेऊच नका. कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमधला लेख बदलून घेतला की रफार सरकतो, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, आणि टक्क्याचं चिन्ह, कंस, अवतरणं यांच्या जागी भलतंच येतं. तालुक्याच्या प्रेसमध्ये पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर असेल तर तुमचा युनिकोड लेख तिथे पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये जाणार, म्हणजे चुका दोनदा. तेव्हा प्रेस ठरवताना दर विचारायच्या आधी 'युनिकोड चालतं का' हे विचारा. प्रूफ दोघांनी मिळून वाचा: एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रूफवर बोट ठेवायचं. तक्त्यातले आकडे उलट्या क्रमानंही वाचा. संकेतांकाचे १८ अंक मोजा. मोजाच.

छपाई: डेमी आकार, १६ पानांचा फर्मा (एकाच कागदावर छापून घडी घालायचा गठ्ठा), म्हणजे पानं १६ च्या पटीत, ९६ पानांचे सहा फर्मे होतात. सुरुवातीची सहा पानं सोडली तर तीन हजार शब्दांचे सात-आठ लेख बसतात, दहा बसवू नका. आत ७० जीएसएम (कागदाचं वजन) मॅपलिथो, म्हणजे साधा पांढरा छपाईचा कागद, मुखपृष्ठ २५० जीएसएमचं. ९६ पानांना पिन मारू नका, गोंदाचं बाइंडिंग करा. कोटेशन तीन घ्या, विभागाला लागतातच. आगाऊ रक्कम दिली की पावती. आदल्या दिवशी जीआर, सांगितलंय.

वाटप: लेखकाला दोन प्रती, समीक्षकाला एक, विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दोन, जिथे क्षेत्रकाम केलं त्या ग्रामपंचायतीला एक, हातोहात. बाहेरगावी स्पीड पोस्टनं, पत्ते आधी छापून ठेवा. पीडीएफ महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर, लेख सुटे आणि अख्खा अंक एकत्र, दोन्ही. चूक सापडलीच तर शुद्धिपत्राची चिठ्ठी आत चिकटवा, सैल ठेवली तर गळून पडते. पीडीएफ गुपचूप बदलू नका, तारीख टाकून बदला. हिशेब त्याच आठवड्यात विभागप्रमुखांकडे. जीआरचा तक्ता, संमतीचे कागद आणि पासवर्ड पहिल्या वर्षाच्या मुलांना सही घेऊन द्या.