भुईमुगातील खोडकुजीचा बंदोबस्त कसा करावा

भर वाढीच्या भुईमुगात एखादी फांदी अचानक पिवळी पडून सुकू लागली आणि पाणी दिल्यावरही ती सावरली नाही, तर सर्वप्रथम बुंध्याजवळची माती बोटाने हलकेच बाजूला करून पाहावी. खोडाला पांढऱ्या सुतासारखी बुरशी लपेटलेली असेल आणि तिच्यात मोहरीएवढे गोल दाणे, कोवळे पांढरे व पिकलेले तपकिरी, दिसत असतील, तर ती खोडकूज करणारी स्क्लेरोशियम रॉल्फसाय ही बुरशी होय. मुळे कुरतडलेली आढळल्यास मात्र हुमणीचा, म्हणजे मुळे खाणाऱ्या अळीचा, संशय घ्यावा. तिचा उपाय वेगळा आहे.

ही बुरशी मुळात कुजक्या पाल्यावर जगणारी आहे. बुंध्याशी पडलेल्या पानांवर ती आधी पोसते, मग ऑक्झॅलिक आम्ल सोडून खोडाच्या पेशी मारते आणि मेलेल्या भागात शिरते. म्हणून तिचे अन्न तोडणे हेच खरे काम आहे. औषधाची फवारणी दाट पाल्याखालच्या बुंध्यापर्यंत क्वचितच नीट पोहोचते.

उन्हाळ्यात 20 सेंटिमीटरहून खोल नांगरट करून धसकटे आणि बुरशीचे दाणे खाली गाडावेत, कारण या बुरशीला हवा लागते व खोलवर तिची वाढ खुंटते. पुढच्या हंगामात पुन्हा तेवढीच खोल नांगरट केल्यास तेच दाणे वर येतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अर्धवट कुजलेले शेणखत टाकणे म्हणजे बुरशीला शिधा पुरवणे. खत पूर्ण कुजलेलेच असावे.

पेरणीपूर्वी प्रतिकिलो बियाण्यास 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशीला रोखणारी मित्रबुरशी चोळून बी सावलीत सुकवावे आणि रायझोबियम या नत्र पुरवणाऱ्या जिवाणूंची प्रक्रिया त्यानंतर करावी. कोळपणी करताना माती खोडावर चढू देऊ नये, कारण मातीत दबलेली पाने बुरशीला आयती मिळतात. दाट लागवड व साचलेले पाणीही टाळावे.

रोगट झाड दिसताच ते भोवतालच्या मातीसह खुरप्याने उचलून पाटीत घ्यावे आणि शेताबाहेर जाळावे. नुसते उपटून बांधावर फेकल्यास दाणे तिथेच गळतात व पावसाच्या पाण्याबरोबर परत शेतात येतात. हे दाणे मातीत काही वर्षे टिकत असल्याने त्या जागी पुढे भुईमूग, हरभरा किंवा टोमॅटो न घेता ज्वारी, बाजरी अथवा मका घ्यावा.