मिरचीचा फोटो सकाळी काढा

भिवापूर-उमरेडकडचे बचत गट मिरची पूड उत्तम करतात, पण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला फोटो बरेचदा रात्री, पिवळ्या बल्बखाली काढलेला असतो. लालभडक पूड त्यात विटकरी दिसते आणि गिऱ्हाईक पुढे सरकतं. सकाळी ओसरीच्या सावलीत, पांढऱ्या कापडावर वाटी ठेवा. शेजारी देठासकट चार अख्ख्या मिरच्या. एवढ्यानं फरक पडतो, खरंच.

मग व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, फुकट आहे. त्यातल्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक पाकिटाचा फोटो, वजन आणि भाव टाका. "भावासाठी फोन करा" असं लिहू नका. नागपुरात ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत ऑर्डर देणाऱ्या ताईंना तेवढी सवड नसते.

पाकिटावर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा किंवा नोंदणीचा क्रमांक, हवाच. भिवापुरी मिरचीला जीआय मानांकन, म्हणजे त्या भागाचं खास पीक अशी कायदेशीर ओळख, आहे, पण ते नाव किंवा चिन्ह पाकिटावर वापरायचं तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या. आणि ब्रँडचं नाव सगळीकडे एकच ठेवा. पाकिटावर एक, फेसबुकवर दुसरं असलं, की पूड आवडलेलं गिऱ्हाईकसुद्धा तुम्हाला शोधू शकत नाही.