ऑटिझमच्या तपासणीला निघण्याआधी मोबाइलमध्ये व्हिडिओ काढून ठेवा

अनोळखी खोलीत, नव्या डॉक्टरांसमोर लेकरू घरच्यासारखं वागेलच असं नाही. म्हणून आधीच घरचे दोन-तीन छोटे व्हिडिओ काढून ठेवा: एकटं खेळताना, जेवताना, शेजारच्या पोरांत असताना. एकदा मागून नावानं हाक मारा आणि ते वळतं का, तेही येऊ द्या. 'इकडे बघ, बोलून दाखव' असं मधे अजिबात म्हणू नका.

कापूस वेचणीच्या दिवसांत लेकरू दिवसभर आजीजवळ असेल, तर आजीलाही सोबत न्याच. चाक फिरवत किती वेळ बसतं, कुठल्या आवाजानं कान झाकतं, हे तिलाच नेमकं ठाऊक असतं. घरी वऱ्हाडी, गोंडी किंवा कोरकू बोलत असाल तर सुरुवातीलाच सांगा. प्रश्नाची भाषाच न कळल्यानं लेकरू गप्प राहू शकतं. माता-बाल संरक्षण कार्ड आणि ऐकण्याची तपासणी झाली असेल तर तो कागद घ्या. एसटीच्या गर्दीनं ते बिथरत असेल तर लवकर पोहोचा, थोडं निवांत बसू द्या.

कुठं जायचं हे माहीत नसेल तर अंगणवाडीत विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथं येतं आणि गरज असल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे लेकरांच्या वाढीतल्या अडचणी तपासणाऱ्या सरकारी केंद्रात, पाठवतं.