जुनी पेट्रोल सेडान घेताय? या चुका टाळा

लग्नसराई जवळ आली की सांगलीत जुन्या गाड्यांचा बाजार तापतो. बजेट तीन-साडेतीन लाख, डिकीवाली पाहिजे, पेट्रोल पाहिजे, पांढरी असली तर फारच बरं. मग डिझायर, अमेझ, एक्सेंट, इटिऑस यांतली एक ठरते. एजंट सांगतो, ‘एक हाती आहे, मिरजेच्या डॉक्टरची आहे’, आणि लगेच टोकन दिलं जातं. मिरजेत दवाखाने पुष्कळ आहेत हे मान्य, पण बाजारात ‘डॉक्टरची’ म्हणून जेवढ्या गाड्या उभ्या असतात तेवढे डॉक्टर तिथं नसावेत. टोकन देऊन झाल्यावर गाडी माझ्या गॅरेजला येते, ‘जरा चेक करून द्या’ म्हणून. साखरपुडा उरकून पत्रिका जुळवायला आल्यासारखं हे असतं.

या गाड्या वाईट नाहीत. १.२ ते १.५ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन वेळेवर ऑइल आणि चांगलं कूलंट मिळालं तर दोन लाख किलोमीटर न उघडता जातं. बिघडतं ते आधीच्या मालकाच्या कंजूषपणानं आणि नव्या मालकाच्या घाईनं.

पुरात बुडालेली गाडी ओळखता न येणं

सांगलीत राहून ही चूक करणाऱ्याचं मला नवल वाटतं. २००५, २०१९, २०२१ हे तीन पूर सगळ्यांनी बघितलेत. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी आहे ४५. कित्येक दिवस पार्किंगमध्ये पाणी होतं. त्या गाड्या गेल्या कुठं? विमा कंपनीनं टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशी, धरलेली गाडी लिलावात निघते, कोणीतरी गठ्ठ्यानं उचलतो, धुऊन-पुसून नवं सीट कव्हर घालतो आणि ती परत रस्त्यावर येते. ‘आम्ही एमएच-१० घेतलीच नाही, बाहेरची घेतली’ म्हणून निर्धास्त राहू नका. २०१९ ला कोल्हापूर बुडालं होतं, २०२१ ला चिपळूण.

तासगावकडच्या एका शिक्षकांनी अशीच एक घेतली. बाजारभावापेक्षा चाळीस हजारांनी स्वस्त, आरशासारखं पॉलिश, आत नवी मॅट. उन्हाळा सुरळीत गेला. जूनची पहिली सर आली आणि गाडीच्या अंगात आलं. हॉर्न आपोआप वाजायचा, मध्यरात्री सेंट्रल लॉक खटाखट उघडायचं, मागची काच खाली गेली की वर यायची नाही. एका इलेक्ट्रिशियननं रिले बदलला, दुसऱ्यानं बॅटरी, तिसऱ्यानं चक्क नवा हॉर्न बसवला. गाडी का भिजली होती हे कोणी विचारलंच नाही. माझ्याकडे ते आले तेव्हा तक्रार एवढीच होती की एअरबॅगचा दिवा जात नाही.

मी स्कॅनर लावायच्या आधी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. टोकाकडचा वीतभर पट्टा तपकिरी, आणि त्या डागाला पट्टीनं आखल्यासारखी सरळ कड. मग दाराजवळची प्लास्टिकची पट्टी काढून गालिचा उचलला. वर गालिचा नवा, खाली नमदा जुना, आणि त्यात पिठासारखा बारीक वाळलेला गाळ. सीटखालच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या झालेल्या. सर बराच वेळ त्या गाळाकडेच बघत होते. मग म्हणाले, “विकणारा म्हणत होता, धुळीची गाडी आहे, शेतावर फिरलीय.”

“सर, धूळ सीटबेल्टच्या गुंडाळीत जाऊन अशी रेघ मारत नाही.”

विकणाऱ्याला फोन लावला तर उत्तर आलं, ‘घेताना बघूनच घेतली ना?’ फरशीखालची वायरिंग भंगारातल्या गाडीची आणून बसवली, कनेक्टर एकेक साफ केले, एअरबॅगचं मॉड्यूल बदललं. वाचलेले चाळीस हजार त्यात गेलेच, वर आणखी गेले. आणि एवढं करूनही, बुडालेल्या गाडीची एअरबॅग वेळेवर उघडेल अशी हमी मी कुणाला देत नाही.

माझी सवय सांगतो. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचे. स्टेपनी उचलून खालच्या खोलगट जागेत हात फिरवायचा. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, त्यांच्यावर पाना लावल्याच्या खुणा आहेत का ते बघायचं. पाच मिनिटं काचा बंद करून आत बसायचं आणि वास घ्यायचा. परफ्यूमचा डबा फारच दरवळत असेल तर तो बाहेर काढून पुन्हा बसायचं. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझत नसेल तर बिघाड आहे, आणि मुळात लागतच नसेल तर कुणीतरी तो लपवलाय, जे जास्त वाईट. शेवटी, गाडीचा नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या नोंदी मागायच्या. विकणारा त्यासाठी टाळाटाळ करायला लागला की मी गिऱ्हाइकाला सरळ घरी जायला सांगतो.

बोअरचं पाणी आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट

माझं डोकं खऱ्या अर्थानं फिरतं ते इथं. कूलंटच्या टाकीचं झाकण उघडावं तर आत चहाच्या रंगाचं पाणी. ‘साधं पाणीच टाकतो हो, कशाला खर्च?’ आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे हे ज्याच्या घरी गिझरची कॉइल वर्षभरात पांढरी होते त्याला मी सांगायची गरज नाही. नदीकाठची रानं क्षारपड झाली, तेच पाणी तुम्ही इंजिनाच्या वरच्या भागातून, ॲल्युमिनियमच्या हेडमधून फिरवताय. रेडिएटरच्या नळ्यांत खडा धरतो, वॉटर पंपाचं सील जातं, आतून गंज सुटतो.

मग गाडी तापते, आणि शॉर्टकटवाला मिस्त्री उपाय सांगतो: थर्मोस्टॅट काढून टाका, इंजिन कायम थंड राहील. हा उपाय ॲम्बेसेडरच्या काळापासून चालत आलाय आणि आजच्या इंजिनाला तो नडतो. थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. तोवर पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं आणि इंजिन चटकन गरम होतं. तो काढला की इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं अजून थंड आहे, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. मालक म्हणतो, ‘तापायची थांबली, पण पेट्रोल फार खाते.’ खाणारच.

आणि मूळ दुखणं तसंच राहतं. गावात ते दिसत नाही. दिसतं पुण्याहून येताना, खंबाटकीच्या चढाला, एसी लावून पाच माणसं आणि डिकी भरलेली असताना. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत टेंपरेचरचा काटाच नसतो. थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल, एवढंच. लाल दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन बंद करायची. ‘आता घाट संपतोयच’ म्हणून पुढं रेटली की हेड वाकतं, त्याच्याखालचं गॅस्केट जातं. हेड काढणं, फेसिंग, गॅस्केट, ऑइल, कूलंट आणि मजुरी धरून पंधरा-वीस हजार कुठं गेले नाहीत. तापलेल्या गाडीचं झाकण उघडून हात भाजून घेणारे आणि रटरटत्या इंजिनावर बाटलीतलं गार पाणी ओतणारे वेगळेच.

गॅस्केट गेलेली गाडी बाजारात फार विकली जाते. कुठं गळती दिसत नाही तरी कूलंट कमी होतंय, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय आहे, इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही, ही तिची लक्षणं. पावसाळ्यात सकाळी सायलेन्सरमधून थोडी वाफ आणि दोन थेंब पाणी सगळ्याच गाड्यांतून येतं, त्याला घाबरू नका. मी गाडी घेतल्या घेतल्या जुनं कूलंट पूर्ण काढतो, सिस्टीम धुतो, तयार कूलंट किंवा निम्मं कूलंट-निम्मं डिस्टिल्ड पाणी भरतो आणि थर्मोस्टॅट जागेवर आहे याची खात्री करतो. खर्च दीड-दोन हजार.

बाकीच्या चुका

गाडी रात्री बघणं, किंवा विकणाऱ्यानं आधीच चालू करून ठेवलेली बघणं. सकाळी जायचं, बोनेटला हात लावायचा. गरम लागला तर चहा पिऊन यायचं. थंड स्टार्टला निळा धूर, चेनची खरखर, डळमळतं आयडलिंग सगळं उघडं पडतं.

इंजिन आवाज करतं म्हणून जाड ऑइल टाकणं. ज्याला ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असं पातळ ऑइल लागतं त्यात ट्रॅक्टरच्या जातीचं ऑइल ओतायचं नाही. आवाज दबतो, इंजिन झिजत राहतं.

मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट न पेटणं, तसंच घेऊन महिनाभर फिरणं. एक प्लग किंवा कॉइल गेलेली असते, पण न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तोही जातो. प्लग शेकड्यात येतात, कन्व्हर्टर हजारांत.

क्लचवर पाय ठेवून चालवणं. यावर मी बोलून थकलो. सांगलीतल्या विश्रामबागच्या सिग्नलला चढ नसताना अर्धा क्लच धरून उभं राहणाऱ्यांनी सात-आठ हजारांची सोय करून ठेवावी.

समोरून खडखड आली की लगेच चारही शॉकअप बदलणं. आधी लिंक रॉड, मग लोअर आर्मचे बुश, मग इंजिन माउंटिंग. काही इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये रबराचं छोटं कपलिंग झिजून टकटक येते. तो भाग अगदी स्वस्त आहे, तरी अख्खा स्टिअरिंग कॉलम बदलून आलेले महाभाग मी बघितलेत.

टायरची नक्षी बघणं आणि तारीख न बघणं. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसो, असा टायर बदला.

दरवर्षी एसीत गॅस भरणं. गॅस संपत नसतो, गळत असतो. गळती शोधा.

टॅक्सीची खासगी करून घेतलेली गाडी ‘फॅमिली युज’ म्हणून घेणं. आरसीवरच्या जुन्या नोंदी बघा. पेडलची रबरं आणि गिअरचा नॉब गुळगुळीत आणि मीटर म्हणतंय ४८ हजार, तर मीटर खोटं बोलतंय.

जुन्या गाडीत ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या, पेट्रोलची आठवण न ठेवणं. आता पंपावर तेच मिळतं, इलाज नाही. २०२३ च्या आधीच्या गाडीच्या पेट्रोलच्या होस आणि ओ-रिंग दर सर्व्हिसला बघून घ्या. ॲव्हरेज थोडं कमी मिळणार हेही धरून चाला.

खर्च किती धरायचा

महिना हजार किलोमीटर आणि गाव-हायवे मिळून पंधराचं ॲव्हरेज धरलं, तर शंभरी ओलांडलेल्या पेट्रोलला सात हजार जातात. वर्षाला एक सर्व्हिस, म्हणजे ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि मजुरी, बाहेरच्या गॅरेजला चार ते सहा हजार. बॅटरी चार-पाच हजार, चार टायर सोळा ते वीस हजार. हे दरवर्षी नसतं, पण जुनी गाडी घेतली की पहिल्याच वर्षी दोन्ही एकदम येतात असा माझा अनुभव आहे, कारण विकणाऱ्यानं त्याच खर्चाला कंटाळून गाडी काढलेली असते. १००० ते १५०० सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा ३,४१६ रुपये, अधिक जीएसटी.

म्हणून तीन लाखांचं बजेट असेल तर गाडी दोन साठची बघा आणि चाळीस हजार हातात ठेवा. हे ऐकून लोक मान डोलावतात आणि तीन दहाची घेऊन येतात.

‘सीएनजी बसवू का?’ महिना हजार किलोमीटरच्या आत असेल तर नको. डिकीसाठी सेडान घेतली आणि डिकीत टाकी बसवली, तर हॅचबॅक काय वाईट होती? बसवलीच तर आरसीवर नोंद करून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी कंपनी हात वर करते.

कागद

२०१० च्या आधीची डिझायर स्वस्त मिळते म्हणून धावणाऱ्यांसाठी: ती १.३ लिटरची, टायमिंग बेल्टवाली, म्हणजे ठरावीक काळानं बदलावा लागणारा रबरी पट्टा असलेली. नंतरची १.२ के-सिरीज चेनवाली. बेल्ट कधी बदलला हे विकणाऱ्याला माहीत नसेल तर बदललेला नाही असं समजा. शिवाय अशा गाडीची पंधरा वर्षं संपलीत. पुनर्नोंदणीची फी ५,००० रुपये, वर पर्यावरण कर आणि तपासणी, आणि मुदत फक्त पाच वर्षांची. हा हिशोब किमतीत धरा.

गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ते कपाटातच ठेवणारे दर महिन्याला एक तरी भेटतात. कर्ज फिटलं असेल तर बँकेचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र आधी घ्या, पैसे मग द्या. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची विम्यातली सूट, जुन्या मालकाचा असतो, तुम्हाला मिळत नाही. एजंटानं तो किमतीत धरून सांगितला तर वजा करायला लावा. ऑनलाइन थकलेली चलनं बघा. पुणे-बंगळूर हायवेवर फिरलेल्या गाडीवर वेगाची चलनं हमखास निघतात. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी, नंबर प्लेट बसलीय का तेही बघा.

आणि डिकीत जॅक, पाना आणि हँडल आहेत का ते पैसे देण्याआधी मोजा. नंतर मागायला गेलात तर एजंट तुम्हाला ओळखतसुद्धा नाही.