सीएचमॉड चालवलं आणि फोल्डरच उघडेना?

लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमधली सीएचमॉड ही कमांड फाइल-फोल्डरच्या परवानग्या बदलते. फाइल्स नीट कराव्यात म्हणून अख्ख्या फोल्डरला एकदम ६४४ परवानगी दिली, की आतले फोल्डर 'परमिशन डिनाइड' म्हणत दार लावून घेतात. (तीन आकडे अनुक्रमे मालक, ग्रुप आणि इतरांचे; प्रत्येक आकडा ही बेरीज: ४ वाचणं, २ लिहिणं, १ चालवणं.) फोल्डरमध्ये शिरायलाही तो १, म्हणजे एक्स, लागतो आणि ६४४ मध्ये तो कुणालाच नसतो. रागाच्या भरात ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं, मारू नका. मीही मारायचो.

१. आकड्यांऐवजी अक्षरं वापरा. सीएचमॉड, जागा, डॅश आणि कॅपिटल आर, जागा, मग सलग: यू, अधिक चिन्ह, आर, डब्ल्यू, एक्स, स्वल्पविराम, जी, ओ, अधिक चिन्ह, आर, एक्स. पुन्हा जागा सोडून फोल्डरचं नाव. (कॅपिटल आर म्हणजे आतल्या सगळ्यासकट; यू मालक, जी ग्रुप, ओ इतर; छोटा आर वाचणं, डब्ल्यू लिहिणं.)

२. यातले दोन्ही एक्स कॅपिटल हवेत, खरी गंमत तिथेच आहे. कॅपिटल एक्स फक्त फोल्डरना आणि आधीच चालवता येणाऱ्या फाइल्सना लागू होतो. साध्या फाइल्स ६४४ च राहतात.

३. 'एलएस डॅश एल' ही परवानग्यांसकट यादी दाखवणारी कमांड करून बघा. डी ने सुरू होणाऱ्या, म्हणजे फोल्डरच्या, ओळींत आता एक्स दिसेल.

एसएसएच, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरला सुरक्षितपणे जोडणारा प्रोग्रॅम, त्याच्या फोल्डरवर मात्र हे चालवू नका. तिथली खासगी की, म्हणजे लॉगिनची गुप्त किल्ली, इतरांना वाचता आली, तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं.