आई-बाबांची एक रात्र बाहेर: मुलं आजी-आजोबांवर सोपवण्याची तयारी

मूल दीड-दोन वर्षांचं झालं की नवरा-बायकोच्या मनात एकदा तरी येतं, एक दिवस दोघंच कुठेतरी जाऊन यावं. मग रात्री मूल झोपल्यावर मोबाइलवर रिसॉर्टचे फोटो बघणं सुरू होतं. उलट्या टोकानं सुरुवात होते ती इथे. रिसॉर्ट सगळ्यात शेवटी ठरवा. आधी आजी-आजोबा, मग मुलाची तालीम, मग अंतर. पहिल्या खेपेसाठी नियम एकच आणि तो कडक: एकच रात्र, आणि रात्री फोन आला तर अडीच तासांत घराची बेल वाजवता येईल एवढंच लांब.

विचारायचं कसं

'आई, जमेल का गं तुला?' असं विचारलं की आजी 'नाही' म्हणत नाही. गुडघा सुजलेला असला तरी म्हणत नाही. म्हणून प्रश्न मोघम ठेवू नका. 'शनिवारी सकाळी दहा ते रविवारी दुपारी दोन, रात्री तो एकदा उठतो, अंघोळ आम्ही घालून जाऊ' असं सांगा, म्हणजे समोरच्याला कामाचा अंदाज येतो. एका आजीवर दोन मुलं टाकू नका, त्यातलं एक दोन वर्षांच्या आतलं असेल तर अजिबातच नको. दहा-बारा किलोचं मूल कडेवर घेणं सत्तरीच्या पाठीला झेपत नाही, हे आजोबा कधी बोलून दाखवत नाहीत. घरी येणाऱ्या मावशींना त्या दिवशी दोन तास जास्त थांबाल का, हे आठवडाभर आधी विचारा आणि त्याचे पैसे आधीच द्या.

शक्यतो आजी-आजोबांनाच तुमच्या घरी बोलवा. मुलाला त्याची गादी, त्याचं बाथरूम, त्याचा कोपरा लागतो. मोठ्यांना एक रात्र परक्या गादीवर काढता येते.

कोणती तारीख टाळायची

लसीनंतरचे दोन दिवस. ट्रिपलच्या (डीपीटी) लसीनंतर ताप येतो तो बहुधा पहिल्या ४८ तासांतच. पाळणाघर किंवा प्लेग्रुप नुकता सुरू झाला असेल तर पहिले दोन-तीन आठवडे नको. मूल आधीच एका ताटातुटीला तोंड देत असतं. आईबाबा नजरेआड झाले की रडण्याचा काळ साधारण आठव्या महिन्यापासून सुरू होतो आणि दहा ते अठरा महिन्यांत त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. या वयात जाऊच नये असं नाही, पण तालीम दुप्पट करावी लागते.

पुण्यात पाण्याची आणि विजेची दुरुस्तीची कामं बहुधा गुरुवारी निघतात. मधल्या वारी सुट्टी काढणार असाल तर तो दिवस सोडा. लिफ्ट बंद, नळाला पाणी नाही आणि कडेवर मूल, ही परीक्षा आजीची घेऊ नये.

किती लांब

किलोमीटर मोजू नका, परतीचा वेळ मोजा. पुण्याहून पानशेत ४० किलोमीटरच्या आसपास, पण पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर गाडी तासभर अडकू शकते. लोणावळा साधारण ६५ किलोमीटर, शिवाय लोकलनं जाता-येता येतं, म्हणजे रस्ता तुंबला तरी दुसरा मार्ग हाताशी राहतो. वाई ९०च्या आसपास. महाबळेश्वर १२० आहे, पण पसरणीचा घाट रात्री उतरायची वेळ आली तर अडीच तासांत काही होत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. ताम्हिणी आणि तापोळ्याकडे मोबाइलची रेंज जाते. निसर्ग सुंदर, पण पहिल्या रात्री तुम्ही दर दहा मिनिटांनी फोन उंच धरून फिराल. बुकिंग करतानाच विचारा: खोलीत रेंज येते का आणि रिसेप्शनला लँडलाइन आहे का. तो नंबर घरी लिहून ठेवा.

शनिवारी सकाळी निघून रविवारी चेकआउटला थेट घरी, जेवायच्या वेळेला. संध्याकाळपर्यंत रेंगाळलात तर साताऱ्याच्या बाजूनं येताना खेड-शिवापूरचा टोल नाका आणि नवले पूल तुमची वाट बघत असतात, आणि घरी मूलही.

रंगीत तालीम

तीन पायऱ्या, तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात आजी तुमच्या घरी मुक्कामाला, मूल तिच्याजवळ झोपेल, तुम्ही शेजारच्या खोलीत. मूल उठलं तरी तुम्ही जायचं नाही. आजीला तिची युक्ती सापडू द्या. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी साडेसहाला बाहेर पडा आणि रात्री अकराला या, म्हणजे जेवण आणि झोप दोन्ही तुमच्याशिवाय पार पडतात. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही गावातच, मित्राकडे वगैरे रात्र काढा. यातलं जे फसेल तेच खऱ्या दिवशी फसणार असतं. बहुतेक वेळा ते रडणं नसतं, बारीकसारीक काहीतरी असतं: पंख्याचा वेग, बाथरूमचा जळता दिवा, किंवा 'पाणी' म्हणजे त्याच निळ्या पेल्यातलं पाणी.

अंगावर पिणारं बाळ असेल तर तालीम दुधापासून. दोन आठवडे आधीपासून दिवसातलं एक दूध वाटी-चमच्यानं, बोंडल्यानं किंवा बाटलीनं आईखेरीज दुसऱ्या कोणीतरी पाजायचं. आई घरात असली की बाळ वासानं ओळखतं आणि बाटली ढकलतं, म्हणून त्या वेळी आईनं खाली चक्कर मारून यावं. काढलेलं दूध फ्रीजमध्ये आतल्या कप्प्यात चार दिवस टिकतं, दारात ठेवू नका. बाहेर जास्तीत जास्त चार तास, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात तेवढेही धरू नका. गॅसवर उकळायचं नाही, गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून कोमट करायचं. आणि आईनं पंप बरोबर न्यावा. तीन-चार तासांनी दूध काढलं नाही तर छाती दगडासारखी होते आणि सगळी सुट्टी त्यातच जाते.

फ्रीजवरचा कागद

व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या सूचना गडबडीत सापडत नाहीत. एक कागद, ठळक अक्षर, आजोबांना चष्म्याशिवाय वाचता येईल असं. त्यावर: मुलाचं आजचं वजन, ॲलर्जी, डॉक्टरांचं नाव आणि दवाखान्याच्या वेळा (रविवारी बहुतेक बंद असतात, तेही लिहा), रात्री लहान मुलं बघणारं जवळचं हॉस्पिटल, शेजाऱ्यांचा नंबर, १०८ ही रुग्णवाहिका आणि ११२ सगळ्या तातडीच्या मदतीसाठी. हॉस्पिटल निवडताना आधी फोन करून विचारा की रात्री बालरोगतज्ज्ञ हजर असतात का. नुसती 'चोवीस तास' ही पाटी पुरत नाही. कागदासोबत एका फोल्डरमध्ये लसीकरणाच्या फाइलची झेरॉक्स, विम्याचं कार्ड, पाच हजार रोख, आणि 'आमच्या अनुपस्थितीत आजी-आजोबांच्या संमतीनं उपचार करावेत' अशी दोघांच्या सहीची चिठ्ठी.

औषधाची चूक कुठे होते

तापाचं पॅरासिटामॉल बाजारात तीन रूपांत मिळतं आणि तिन्ही खोके दिसायला भावंडं. एका सिरपमध्ये ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात ५ मिलीत २५० आणि थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १००. एका वेळचा डोस साधारण किलोला १५ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम: पहिल्या सिरपचं साडेसात मिली, दुसऱ्याचं ३.६ मिली, थेंबांचं १.८ मिली. आता 'साडेसात द्यायचं' एवढंच आजीच्या लक्षात राहिलं आणि हातात थेंबांची बाटली आली, तर चौपटीहून जास्त औषध पोटात जातं. उपाय सोपा आहे. हाताशी एकच बाटली ठेवा, बाकीच्या बाटल्या कपाटात कुलूपबंद. तुमच्या डॉक्टरांकडून मिलीत डोस लिहून घ्या, बाटलीवर चिकटपट्टी लावून त्यावर तोच आकडा लिहा आणि सोबतच्या सिरिंजवर मार्करनं रेघ मारा. दोन डोसांत सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. किती वाजता दिलं ते कागदावर लिहायचं, कारण आजोबांनी आठला दिलेलं आजीला नऊला माहीत नसतं.

जुलाब लागले तर ओआरएस. मोठा पुडा पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धा पुडा अर्ध्या लिटरात नको, क्षार पुड्यात सारखे मिसळलेले नसतात. दोन वर्षांखाली दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्यापुढे अर्धा ते एक कप. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. फळांच्या चवीचे गोड टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे.

आता आजी-आजोबांची स्वतःची औषधं. आठवड्याचे कप्पे असलेली ती प्लॅस्टिकची डबी मुलाला खुळखुळ्यासारखी वाटते. मधुमेहाच्या काही गोळ्यांपैकी एक जरी लहान मुलानं गिळली तरी साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. बीपीच्या काही गोळ्यांचंही तसंच. डबी पर्समध्ये नाही, उशाशी नाही, कपाटाच्या वरच्या फळीवर. गोळी गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट बघायची नाही, ओकारी काढायची नाही, पाकीट घेऊन थेट हॉस्पिटल.

घरात अर्धा तास

मुख्य दाराचं लॅच ही पुण्याच्या फ्लॅटांमधली खरी खोडी. आजी दुधाची पिशवी घ्यायला दाराबाहेर वाकते, वाऱ्यानं दार लागतं, मूल आत, गॅसवर दूध. म्हणून एक किल्ली समोरच्यांकडे, एक आजीच्या गळ्यात किंवा कमरेला. आणि लॅच आतून वर करून ठेवायची सवय. बेडरूम आणि बाथरूमच्या आतल्या कड्या दोन दिवस चिकटपट्टीनं बंद करा. बाथरूममधली बादली रिकामी आणि पालथी. बोटभर खोल पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. डांबराच्या गोळ्या, डासांच्या औषधाची रिफिल आणि रिमोटमधल्या चपट्या बटण-सेल हाताला लागणार नाहीत असं बघा. सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते.

खाऊच्या डब्याचंही बघा. चिवड्यातले शेंगदाणे आणि फुटाणे चार वर्षांखालच्या मुलाला नको, अख्खी द्राक्षं नको (लांबीत चार तुकडे), आणि एक वर्षाच्या आत मध नको, चाटवण्यापुरतासुद्धा. आजीशी वाद होणार तो बहुधा या शेवटच्या मुद्द्यावर. डॉक्टरांच्या तोंडून सांगितलं तर ऐकतात. घास अडकून आवाज बंद झाला तर वर्षाच्या आतल्या बाळाला पालथं धरून पाठीवर पाच थापा आणि मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेनं पाच दाब. त्याहून मोठ्याला पाठीवर पाच थापा आणि मागून धरून पोटावर पाच झटके. बाहुलीवर एकदा करून दाखवा.

जेवण

नवे पदार्थ या दोन दिवसांत नकोत. रोजचं वरण-भात-तूप, मेतकूट-भात, नाचणीचं सत्त्व. लहान बाळासाठी खिमटाचं पीठ करून ठेवा: एक वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, धुऊन कापडावर वाळवून, मंद आचेवर तांदूळ जरा फुलेपर्यंत भाजून, रवाळ दळून. दोन मोठे चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, मग एकूण दीड वाटी पाण्यात सात-आठ मिनिटं ढवळत शिजवायचं. थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि बाळ थुंकतं. वर्षाच्या आत मीठ घालू नका.

टीव्ही, बिस्किटं, एखादा जास्तीचा पेढा यावर भांडू नका. कागदावर फक्त जिवाशी संबंध असलेले नियम लिहा. वीस नियम लिहिलेत तर एकही पाळला जात नाही.

निघताना आणि नंतर

मूल झोपलेलं असताना किंवा 'तो बघ काऊ' म्हणत मागच्या दारानं सटकू नका. त्या क्षणी रडणं वाचतं, पण पुढचे पंधरा दिवस आई स्वयंपाकघरात गेली तरी मूल मागे येतं. 'चॉकलेट आणायला चाललो' हेही नको. 'एक झोप झाली की आम्ही जेवायला येणार' असं सांगा, पापी घ्या आणि दोन मिनिटांत बाहेर पडा. लिफ्टपाशी रडणं ऐकून परत फिरलात तर रडल्यानं आई परत येते एवढंच ते शिकतं. तीन वर्षांपुढच्या मुलाला उशीखाली एक चिठ्ठी किंवा स्टिकर ठेवा, सकाळी उठल्यावर काढायला.

व्हिडिओ कॉल एकदाच, संध्याकाळी पाचच्या सुमारास, खेळायला जायच्या आधी. झोपायच्या वेळी आईचा चेहरा दिसला की आजीची तासाभराची मेहनत वाया जाते. बाकी खबर मेसेजवर, आणि ती आजी-आजोबांनी त्यांच्या सवडीनं द्यायची.

घरी आल्यावर मूल कदाचित तुमच्याकडे बघणारही नाही, आजीच्या पदराआड जाईल, किंवा दोन-तीन दिवस चिकटून बसेल. दोन्ही नेहमीचं आहे. 'आजीला त्रास दिलास का?' हे त्याच्यासमोर विचारू नका. रविवारची संध्याकाळ आजी-आजोबांना पूर्ण मोकळी द्या, जेवण बाहेरून मागवा, आणि सोमवारी सकाळची घाई त्यांच्या अंगावर टाकू नका. फ्रीजवरचा कागद फाडू नका. मूल वाढतं, म्हणून पुढच्या वेळी वजनाचा आणि औषधाच्या मिलीचा आकडा खोडून नवा लिहा, आणि सिरिंजवरची जुनी रेघ पुसा.